शेजारी येणाऱ्या गावाचा ठराव

पत्र एका पानाचं होतं. घाटाकडच्या एका धरणाखाली गेलेल्या वाड्यांसाठी आपल्या गायरानात नवं गावठाण प्रस्तावित आहे, तरी ग्रामपंचायतीने ठरावासह अभिप्राय कळवावा, एवढाच मजकूर. सोबत गटाचा नकाशा आणि त्यावर लाल पेन्सिलीने आखलेला चौकोन. मासिक सभेत ग्रामसेवक भाऊसाहेबांनी ते वाचून दाखवलं आणि दिवेलागणीपर्यंत पारावर, डेअरीवर, गुऱ्हाळावर दुसरा विषय उरला नाही.

आमचं गाव पुणे जिल्ह्याच्या पूर्वेला, भीमेच्या खोऱ्यात. ऊस, कांदा आणि कालव्याची वाट बघणं. या भागाला पुनर्वसन नवं नाही. पानशेत, वरसगावपासून भामा आसखेडपर्यंत, धरणं पश्चिमेला झाली आणि उठलेल्या माणसांना जमिनी देण्याचा प्रश्न पूर्वेकडे आला. त्यासाठी १९७६, १९८६ आणि १९९९ असे कायदे होत गेले. लाभक्षेत्रात ठरावीक एकरांपेक्षा जास्त जमीन असली की त्यातली काही ‘स्लॅब’मध्ये जाते आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कात ‘पुनर्वसनासाठी राखीव’ असा शेरा बसतो. मग त्या जमिनीचा व्यवहार सरकारी परवानगीवाचून होत नाही. मुलीच्या लग्नाला किंवा दवाखान्याला पैसा उभा करायचा तर शेतकरी कचेऱ्यांचे उंबरे झिजवतो. तिकडे धरणग्रस्ताला मोबदल्यातली ६५ टक्के रक्कम सरकारजमा केल्याशिवाय पर्यायी जमिनीवर नाव सांगता येत नाही. दोन्हीकडे माणूस अडकलेलाच.

म्हणून गावात या नव्या गावठाणाला विरोध करणाऱ्यांवर माझा राग नव्हता. त्यातून यावेळी प्रश्न गायरानाचा होता. आमचं गायरान म्हणजे मुरमाड माळ. मालकी सरकारची, देखभाल पंचायतीची. ज्यांच्या नावावर एक गुंठाही नाही, त्यांच्या शेळ्या त्या माळावर जगतात. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपालसिंग प्रकरणात गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितली आणि त्याच वर्षी १२ जुलैला राज्य शासनाने निर्णय काढला की, दुसरी जागा नसेल तरच सार्वजनिक कामासाठी गायरान द्यावं. गावातल्या एका तरुण वकिलाने या निर्णयाच्या प्रती काढून घरोघर वाटल्या होत्या. मुद्दा बिनतोड होता. पण पुनर्वसन हे सार्वजनिक कामच आहे, हेही तितकंच खरं होतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. वॉर्डातल्या बायकांनी उभं केलं म्हणून पंचायतीत आले. माझं मत ज्या गोष्टीने ठरलं होतं, ती फार आधीची आहे.

ओढ्यापलीकडे एक जुनी पुनर्वसन वसाहत आहे. तिथली मुलं माझ्या वर्गात असायची. नव्या गावठाणाला १८ नागरी सुविधा द्याव्यात असं धोरण आहे : पिण्याचं पाणी, शाळा, समाजमंदिर, गटारं, जोडरस्ता, दहनभूमी, खळवाडी वगैरे. वसाहतीच्या नकाशात दहनभूमी होती, तिच्याकडे जायला वाट नव्हती. एका भर पावसाळ्यात माझ्या एका विद्यार्थ्याची आजी वारली. तिरडी उसाच्या बांधावरून न्यायला लागणार होती आणि बांधाचा मालक आडवा उभा राहिला. मागच्या वेळी त्याचा ऊस तुडवला गेला होता. पाऊस पडतोय, तिरडी खांद्यावर आहे, चिखलात पाय रुतलेत आणि दोन्हीकडून शिव्या चालल्या आहेत, असं बराच वेळ चाललं. सरपंचांनी येऊन मालकाची समजूत काढली तेव्हा वाट मिळाली. तो मुलगा शाळेत परत आला आणि बांधाच्या मालकाच्या मुलाशेजारी बसेना. चौथीतली पोरं, वर्षभर एकाच बाकावर बसलेली. मी समजावलं, गोष्टी सांगितल्या, काही उपयोग झाला नाही. पुढे हायस्कुलातही ती एकमेकांशी बोलली नाहीत. कुणीतरी पाचशे फुटांचा रस्ता आधी केला असता तर हे वैर जन्मालाच आलं नसतं, असं मला आजही वाटतं.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. एरवी ती सह्यांपुरती उरकते. यावेळी समाजमंदिर भरलं. सगळ्यांची धास्ती पाण्याची. उन्हाळ्यात आमच्याच नळाला दिवसाआड पाणी येतं, त्याच टाकीवर आणखी एक गाव कसं जोडणार? शेळ्या पाळणाऱ्या एक आक्का मागे बसल्या होत्या. त्या उठून म्हणाल्या, “बाई, त्यांना पाणी नको असं कोण म्हणतंय? त्यांची हीर आधी पाडून द्या, मग येऊ द्या की. आन् त्यांच्या बायांना कुणी इचारलंय का, हितं यायचंय का म्हणून?”

कुणीच विचारलं नव्हतं. सरपंचबाईंनी दुसऱ्याच दिवशी नंबर मिळवून धरणाकडच्या लोकांना फोन लावला, आणि ते जीप करून आले. चार-पाच पुरुष, दोन बायका. एका म्हाताऱ्या बाबांनी माळ बघितला, मग शेजारच्या काळ्या रानात जाऊन ढेकूळ हातात फोडलं.

“इथं भात होतो का?”

“भात नाय व्हायचा, पाव्हणं,” आमचे तात्या म्हणाले. “ऊस होतो. कालवा सुटला तर.”

“किती दिवसांनी सुटतो?”

मग दोघं बांधावर बसून आवर्तनाचं बोलू लागले. पुण्याची लोकसंख्या वाढत चालली तशी पिण्याच्या पाण्याची मागणी वाढली आणि टेलच्या शेतकऱ्याला पाणी उशिरा पोचू लागलं, हे तात्या तक्रारीच्या सुरात सांगत होते आणि बाबा मान हलवत होते. त्यांच्या गावात चिक्कार पाऊस, उशाला धरण, आणि उन्हाळ्यात त्यांच्याही बायका हंडा घेऊन उतार उतरायच्या. तात्या विरोधकांचे म्होरके होते. त्या दिवशी त्यांनीच पाहुण्यांना घरी नेऊन जेवू घातलं.

बायकांचं म्हणणं वेगळंच होतं. भूखंड चिठ्ठ्या टाकून देतात. पाच माणसांपर्यंतच्या शेतकरी कुटुंबाला ३७० चौरस मीटर, बिगरशेतकऱ्याला १८५. क्षेत्रफळाची त्यांची तक्रार नव्हती. चिठ्ठीत वाड्यांची फाटाफूट होईल, बाळंतपणाला हाक मारायची ती जाऊ गावाच्या दुसऱ्या टोकाला जाईल, ही त्यांची काळजी होती. नकाशावर हे कुठंच दिसत नव्हतं.

ग्रामसभेला गणपूर्ती लागते मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली कमी असेल ती. त्या दिवशी शाळेचं पटांगण पुरलं नाही. एका ओळीत ‘विरोध’ लिहून पाठवा, अशी सूचना आधी आली आणि टाळ्याही पडल्या. मी उठले. म्हटलं, जागेचा निर्णय जिल्हाधिकाऱ्यांचा आहे. आपण एक ओळ पाठवली तर तेही एका ओळीत उत्तर देतील. गट नंबर घालून, एकेक अट मांडून पाठवलं तर प्रत्येक अटीला उत्तर द्यावं लागेल. आणि ओढ्यापलीकडे आपण जे होऊ दिलं, ते पुन्हा होऊ द्यायचं का, हे आज याच पटांगणात ठरवा.

बोलाचाली पुष्कळ झाली. शेवटी तात्याच अनुमोदक झाले. ठरावात लिहिलं : नव्या गावठाणाला स्वतंत्र पाणीयोजना हवी आणि भूजल सर्वेक्षण करूनच विहिरीची जागा ठरवावी. जोडरस्ता आणि दहनभूमीची वाट घरं बांधण्याआधी तयार करावी, ती ज्याच्या शेतातून जाईल त्याला मोबदला द्यावा. भूखंड वाडीवार द्यावेत. नव्या गावाची वेगळी ग्रामपंचायत होईपर्यंत त्यांना आमच्या पंचायतीत त्यांचा वॉर्ड मिळावा. आणि गेलेल्या गायरानाइतकं चराऊ क्षेत्र दुसरीकडे द्यावं. हात वर करून मतं घेतली. विरोधातल्यांनी आपला विरोध इतिवृत्तात नोंदवून घेतला, तो त्यांचा हक्कच होता.

उत्तर मुद्देसूद आलं. भूजलवाले येऊन ओढ्याकाठी जागा दाखवून गेले. जोडरस्ता आणि दहनभूमीची वाट पहिल्या टप्प्यात धरली आहे. वाडीवार भूखंडांवर ‘विचाराधीन’ असा शेरा आहे. वॉर्डाच्या मुद्द्याला उत्तर नाही. आणि चराऊ जमिनीपुढे लिहिलंय, ‘पर्यायी क्षेत्र उपलब्ध नाही’.

हे मला मान्य नाही. एका गरिबाचं घर उभं करताना दुसऱ्या गरिबाची शेळी उपाशी ठेवायची, हा न्याय नव्हे. लाल चौकोनाची दक्षिण बाजू खडकाळ आहे, तिथं घरं तशीही बांधता येणार नाहीत. तो पट्टा आणि ओढ्यापर्यंतची गुरांची वाट चौकोनातून वगळा, असा नवा अर्ज आक्का आणि मी मिळून लिहिला आहे. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तो पहिला विषय म्हणून घेतला आहे, आणि धरणाकडच्या वाड्यांनाही त्या सभेचं निमंत्रण गेलं आहे.