जुनी जिप्सी आणि तिचा हिशेब

निवृत्त माणसाने दारात किती वाहने बाळगावीत, याविषयी आमच्या घरात एकमत नाही. पत्नीच्या मते एक पुरे. मुलाच्या मते एक पुरे, पण ते नवे हवे. माझ्या दारात मात्र अनेक वर्षे दोन उभी होती. एक शहरात फिरण्यापुरती साधी मोटार आणि दुसरी मारुती जिप्सी. 2003 सालची, पांढरी, एमएच-34 क्रमांकाची. ही दुसरी मी 2009 मध्ये एका ठेकेदाराकडून घेतली, तेव्हा माझी बदली गडचिरोली जिल्ह्यातील एका शाखेवर झाली होती आणि पीककर्जाच्या पाहणीसाठी, भातगिरण्यांतील तारण मालाच्या मोजणीसाठी वारंवार आतल्या गावांत जावे लागे.

गडचिरोली हा 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपुरातून वेगळा झालेला जिल्हा. रेल्वेचे म्हणाल तर तिने दीर्घकाळ फक्त वडसा तेवढे पाहिले. बाकी सारा व्यवहार रस्त्यावर, आणि रस्ता नाल्यांच्या मर्जीवर. वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती, पर्लकोटा ही नावे भूगोलाच्या पुस्तकात सुंदर वाटतात. पण रोवणीच्या दिवसांत ज्याला पलीकडच्या गावी माल पोचवायचा असतो, त्याला ती वेगळ्याच तऱ्हेने पाठ होतात. ठेंगण्या पुलांवरून पाणी वाहू लागले की भामरागडचा संपर्क तुटल्याची बातमी वर्तमानपत्रात येते. ती बातमी आम्ही इतक्या वर्षांत इतक्या वेळा वाचली आहे की तिची तारीखच काय ती बदलते.

जिप्सी भारतात आली डिसेंबर 1985 मध्ये. सुझुकीच्या छोट्या जीपवजा गाडीचा हा भारतीय अवतार. इंजिन अवघे 970 सीसीचे. पुढे 1996 मध्ये 1298 सीसीची ‘जिप्सी किंग’ आली आणि 2000 च्या सुमारास तिचा कार्ब्युरेटर जाऊन इंधन फवारणीची नवी व्यवस्था आली. माझी गाडी या शेवटच्या पिढीतली. सैन्याने, पोलिसांनी, वनखात्याने ती वर्षानुवर्षे वापरली. ताडोबात मोहर्ली किंवा कोलाऱ्याच्या दारातून वाघ पाहायला गेलेल्या वाचकांना तिची मागची बैठक ठाऊकच असेल. आणि त्या बैठकीने पाठीला दिलेली आठवणही! चारही चाकांवर लोखंडी पाटे आहेत. खड्डा कितीही लहान असो, त्याची नोंद प्रत्येक प्रवाशाच्या मणक्यात स्वतंत्रपणे होते. माझ्या पत्नीला कमरेचा त्रास सुरू झाल्यापासून तिने या गाडीला नमस्कार केला, तो आजतागायत.

या गाडीची खरी गंमत दुसऱ्या दांडीत आहे. गिअरच्या नेहमीच्या दांडीजवळ आणखी एक छोटी दांडी असते. एरवी ओढ फक्त मागच्या चाकांना; ही दांडी सरकवली की पुढच्या चाकांनाही. त्याहून पुढे सरकवली की ‘लो’. त्यात गाडी माणसाच्या चालीने जाते, पण ओढण्याची ताकद वाढते आणि निसरड्या उतारावर ब्रेकला हात न लावता, म्हणजे पाय न लावता, इंजिनच गाडीला धरून ठेवते. अनेकांचा समज असा की चारही चाके सतत चालवावीत, म्हणजे गाडी अधिक सुरक्षित. या जातीच्या गाडीत ते चूक. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचा मार्ग कापतात. चिखलात तो फरक चाक घसरून भरून निघतो. कोरड्या डांबरावर टायर घसरत नाही, मग सारा ताण दातेरी चक्रांवर येतो, स्टिअरिंग जड होते आणि मिस्त्रीचे घर चालते. नव्या काही गाड्यांत मधोमध हा फरक सामावून घेणारी योजना असते, जिप्सीत नाही. तिथे ती योजना चालकाच्या डोक्यात असावी लागते.

आणि पाणी. गाडीचे वजन जेमतेम एक टन. साचलेल्या पाण्यातून ती निमूटपणे जाते, वाहत्या पाण्यात मात्र तिचा हलकेपणाच वैरी होतो. माझा नियम साधा होता: पाणी वाहते आहे आणि पुलाच्या कडेचे दगड दिसत नाहीत, तर इंजिन बंद करायचे, डबा उघडायचा आणि पाणी उतरण्याची वाट पाहायची. शेजारी ट्रॅक्टरवाला हसत हसत पार गेला तरी आपण बसून राहायचे. या नियमापायी मी आष्टीपलीकडे एकदा पूर्ण रात्र गाडीत काढली आहे. मोठे पाणी ओलांडून आल्यावर ब्रेक वाळवून घ्यावेत आणि आसांतील तेल पाहावे. ते दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे, तेल त्याच आठवड्यात बदलावे.

आता हिशेबाकडे वळतो, कारण या अंकाचे बहुतेक वाचक माझ्यापेक्षा चांगले हिशेबनीस आहेत. आयकराच्या पद्धतीने मोटारीचा घसारा उरलेल्या किमतीवर दरवर्षी 15 टक्के. एक लाखाची वस्तू 20 वर्षांनी पुस्तकात साधारण 3,900 रुपयांची उरते. बाजाराने मात्र हे पुस्तक वाचलेले नाही. 2019 च्या सुमारास सर्वसामान्य ग्राहकांसाठी जिप्सी मिळणे बंद झाले आणि जुन्या गाड्यांचे भाव चढले. नागपूरच्या एका तरुणाने गेल्या वर्षी मला माझ्या खरेदीच्या दुपटीहून अधिक रक्कम देऊ केली. त्याला डोंगरात शर्यतीसाठी ती हवी होती. उंच चाके बसवून सैन्यासारखा हिरवा रंग देण्याचा त्याचा बेत होता. मोटार वाहन नियमांनुसार तो रंग केवळ संरक्षण खात्याच्या वाहनांना देता येतो, हे मी त्याला सांगितले. त्याला ते रुचले नसावे.

खर्चाची बाजूही लहान नव्हे. पंधरा वर्षे झाल्यावर 2018 मध्ये पुनर्नोंदणी केली तेव्हा शुल्क 600 रुपये होते. एप्रिल 2022 पासून ते 5,000 झाले आणि 2023 मध्ये मी ते भरले. शिवाय पर्यावरण कर, विमा, टायर. त्याच वर्षी जूनमध्ये नवी जिमनी बाजारात आली. मुलाचा पुण्याहून फोन. “पप्पा, तेच घराणे, पाच दारे, थंड हवा. ही विका आता.” त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. माझे गुडघे क्लच दाबताना कुरकुरतात आणि संध्याकाळनंतर समोरचा दिवा डोळ्यांत फुटतो. पण नवीन घेऊन मी जाणार कुठे? भाजीबाजारात?

ज्याला जायचे आहे तो दुसराच होता. माझी थोरली बहीण अहेरीची. भाच्याचे तिथे किराणा-धान्याचे दुकान आहे आणि आतल्या गावांतील दहा-बारा लहान दुकानदार त्याच्याकडून माल नेतात. पावसाळ्यात घाऊक व्यापाऱ्याचा टेम्पो आलापल्लीपुढे जायला राजी नसतो. मग मीठ, तेल, साबण तिथे पोचतच नाही आणि तीन महिन्यांची उधारीही अडकते. गेली काही वर्षे तो जुलैत गाडी मागून नेई आणि दिवाळीला धुऊन परत आणी.

“मामा, फुकट नको. नागपूरवाला देतो तेच मी देईन,” तो म्हणाला.

ताईचा चेहरा मला दिसत होता. दुपटीची रक्कम त्या दुकानातून एकरकमी निघणे म्हणजे भांडवलाला भोक. मी माझ्या खरेदीचीच किंमत सांगितली, सहा हप्ते, बिनव्याजी. नोकरीत असतो तर असा प्रस्ताव मी स्वतःच नामंजूर केला असता. घरात दोन दिवस शांतता होती. मग पत्नी म्हणाली, “निदान अंगण मोकळे होईल.”

मार्चपासून रविवारी मी त्याला शिकवले. चालवता त्याला येत होतेच. ‘लो’मध्ये पाय सोडून गाडीवर विसंबायला त्याला वेळ लागला. चढावर तो वेग घेऊ पाही, आणि या गाडीला चढावर संथपणाच मानवतो. थांबण्याच्या बाबतीत मात्र तो मला शिकवील इतका पक्का निघाला. ताईने त्याला दोन डबे बांधून द्यायला सुरुवात केली आहे.

नावबदलाचा अर्ज दिला आहे, विमा त्याच्या नावे होतो आहे. गाडीसोबत मी त्याला 2009 पासूनची वही दिली. प्रत्येक दुरुस्ती, तारीख, किलोमीटर, रक्कम. शेवटच्या पानावर लिहिले आहे: पुढच्या आसाचे तेल दसऱ्याला, मागचे पाटे पाहून घेणे. तिसरा हप्ता तो आगाऊ पाठवून मोकळा झाला. तो मी त्याच वहीत त्याच्या हातून लिहून घेणार आहे.