कॅमेऱ्यामागे कोण?

आमचे वडील विश्रामबागेत भाड्याच्या एका खोलीत बिऱ्हाड करून होते, तेव्हाची ही गोष्ट. साल १९८८. आम्ही दोघे बहीण-भाऊ, एक सातवीत, दुसरी चौथीत. आमच्याकडे टीव्ही नव्हता. घरमालकांकडे ब्लॅक अँड व्हाईट होता. रविवारी सकाळी ‘रामायण’ लागले की आसपासची सगळी बिऱ्हाडे तिथे जमत. आमची जागा ठरलेली, उंबऱ्याजवळ. तशी कुणी सांगितली नव्हती, पण आम्हाला ती कळत होती.

त्या जानेवारीत दूरदर्शनवर रात्री ‘तमस’ सुरू झाली. भीष्म साहनींच्या कादंबरीवरची, फाळणीच्या दंगलीची मालिका. सुरुवातीलाच नथ्थू नावाचा चांभार एका कोंदट कोठडीत डुकराशी झुंजतो. एका ठेकेदाराने त्याला पैसे देऊन डुक्कर मारायला लावलेले असते. सकाळी तेच डुक्कर मशिदीच्या पायरीवर सापडते आणि शहर पेटते. आग लावणारे नामानिराळे राहतात, अपराधाचे ओझे मात्र नथ्थू वाहत फिरतो.

त्याची जात पडद्यावर उच्चारली गेली, तेव्हा खोलीतल्या दोन-तीन माना वळून आमच्याकडे पाहू लागल्या. कुणी काही बोलले नाही. आमच्या आज्जांनी बाबासाहेबांचे ऐकून मेलेली ढोरे ओढायचे काम कधीच टाकले होते. वडील कारकून होते. तरी त्या रात्री आम्ही मान खाली घालून घरी आलो.

पुढच्या खेपेस आई म्हणाली, “नका जाऊ पोरांनो.” वडिलांनी अंगात सदरा घातला, आमचे हात धरले आणि नेऊन थेट पुढे बसवले. “बसा. शेवटपर्यंत बघायचं,” एवढेच ते बोलले. मालिका बंद पाडण्यासाठी कोर्टकज्जे झाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी ती स्वतः पाहिली आणि स्थगिती उठवली. फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानेही प्रसारण रोखायला नकार दिला. वडील ती बातमी आम्हाला मोठ्याने वाचायला लावत.

मालिकेचे दिग्दर्शक गोविंद निहलानी. तेव्हा हे नाव आम्हाला ठाऊक नव्हते. पुढे वाचत गेलो तसा हा माणूस उलगडत गेला. जन्म १९४० चा, कराचीचा. फाळणीत कुटुंब उखडले आणि उदयपूरला आले. म्हणजे ‘तमस’मधला तो अंधार त्यांच्या घरातलाच होता. बंगळूरच्या पॉलिटेक्निकमधून त्यांनी १९६२ साली छायाचित्रणाचा अभ्यासक्रम पुरा केला आणि गुरुदत्तचे ‘प्यासा’, ‘कागज के फूल’ टिपणाऱ्या व्ही. के. मूर्तींच्या हाताखाली उमेदवारी केली. तेंडुलकरांच्या नाटकावरच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या १९७१ च्या मराठी चित्रपटाचा कॅमेरा त्यांचाच. मग श्याम बेनेगलांचे ‘अंकुर’, ‘निशांत’, ‘मंथन’, ‘भूमिका’. ‘जुनून’साठी छायाचित्रणाचा राष्ट्रीय पुरस्कार.

दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट ‘आक्रोश’ केला तो १९८० साली, जवळजवळ वीस वर्षे कॅमेऱ्याशी घासल्यावर. त्यातला आदिवासी लहान्या भिकू चित्रपटभर जवळजवळ मुकाच आहे. ओम पुरीचे डोळेच तेवढे बोलतात. न बोलणाऱ्याचे म्हणणे पडद्यावर आणायचे तर कॅमेरा कुठे ठेवायचा हे कळावे लागते. ‘अर्धसत्य’ नंतर ‘तमस’ आली, तेव्हा छायाचित्रणाला त्यांच्यासोबत गुरू मूर्तीच होते. शिष्याच्या मालिकेत गुरूने कॅमेरा धरावा, यात दोघांचाही मोठेपणा आहे.

हे सारे आज आठवायचे कारण घरातले आहे. भावाचा मुलगा बारावीत आहे. विश्रामबागेत वालचंद महाविद्यालय डोळ्यांसमोर असताना पोराने इंजिनिअर व्हावे, असे आम्हा दोघांच्याही मनात. तो म्हणतो, “आधी पदवी घेतो, मग पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटची परीक्षा देतो. मला कॅमेरा शिकायचाय.” घरात दोन दिवस अबोला होता. “लग्नाची शूटिंगं करत हिंडणार काय?” असे आमच्याच तोंडून गेले.

तिसऱ्या दिवशी त्याने आम्हाला कॉम्प्युटरसमोर बसवून ‘तमस’ लावली. इतक्या वर्षांनी तीच कोठडी. आमची छाती धडधडू लागली. पोरगा मात्र शांतपणे म्हणाला, “आत्या, बघ. कॅमेरा दारात उभा राहून बघत नाही. नथ्थूच्या बरोबर आत कोंडून घेतलाय त्यानं.”

आम्ही एकमेकांकडे पाहिले. इतकी वर्षे आम्हाला फक्त वळलेल्या माना आठवत होत्या. नथ्थूकडे एक माणूस त्याच्याजवळ बसून, माणूस म्हणून पाहत होता, हे आमच्या ध्यानातच आले नव्हते. आमच्या वडिलांना ते तेव्हाच दिसले असावे. म्हणून त्यांनी आम्हाला पुढे नेऊन बसवले.

पुढे २०१३ साली नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ आला. तिथेही डुक्करच आहे, पण शेवटचा दगड कॅमेऱ्याच्या दिशेने येतो. पाहणाऱ्याने आपली जागा तपासावी म्हणून. करमाळ्याकडचा एक पोरगा तिथवर पोहोचला.

आम्ही होकार दिला आहे. पदवी पुरी करायची, एवढीच अट. वाचकहो, आपल्या घरातल्या पोराने वेगळी वाट मागितली तर अबोला धरण्याआधी त्याला काय दिसते आहे ते एकदा त्याच्या शेजारी बसून पाहा. आम्हाला ते कळायला दोन दिवस लागले. वडिलांना एक रात्र पुरली होती.