पूर्वेला रिक्षा, पश्चिमेला पॅसेंजर

रात्रीच्या लोकलने पनवेल स्टेशनला उतरणाऱ्या प्रत्येकाला हे दुःख माहीत आहे. रुळांच्या एका बाजूला आपलं नवीन पनवेल, दुसऱ्या बाजूला जुनं, आणि आपण ज्या बाजूला उतरतो नेमक्या त्याच बाजूला रिक्षा नसतात. समजा, ३०० पॅसेंजर उतरले आणि १०० शेअर रिक्षा उभ्या आहेत. हिशेब चोख. पण सगळ्या रिक्षा पूर्वेला आणि सगळे पॅसेंजर पश्चिमेला असतील तर? एकही माणूस घरी पोहोचणार नाही. कागदावर मात्र सगळं ओके!

आपल्या छातीत हाच घोळ दर मिनिटाला निस्तरला जातो. आपण नुसते बसलेले असताना हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त फुप्फुसांत पाठवतं, आणि वायुकोशांपर्यंत साधारण ४ लिटर हवा पोहोचते. (मी कॉन्व्हेंटवाली. 'वायुकोश' हा शब्द मला आजोबांनी दिला, ते शाळेत विज्ञान शिकवायचे.) हवा भागिले रक्त म्हणजे ०.८. पण ही झाली सरासरी. उभ्या माणसात गुरुत्वाकर्षणामुळे रक्त तळाकडे जास्त जातं. हवाही तळाकडे जास्त जाते, पण तेवढ्या प्रमाणात नाही. त्यामुळे शेंड्याला हा आकडा ३ च्या वर, तर तळाशी ०.६ च्या आसपास. म्हणजे निरोगी माणसातही वाटप अगदी समान नसतंच.

मग सांभाळतं कोण? मेंदू नाही. एखाद्या कोपऱ्यात हवा कमी पोहोचली, तर तिथली बारीक रक्तवाहिनी स्वतःच आकसते आणि रक्त दुसरीकडे, जिथे हवा आहे तिथे, वळतं. 'इथे पॅसेंजर नाहीत, पलीकडे जा.' १९४६ मध्ये स्वीडनच्या ऑयलर आणि लिलयेस्ट्रांड यांनी हे मांजरांवरच्या प्रयोगात दाखवलं. गंमत म्हणजे बाकी शरीरात उलटा नियम आहे. स्नायूला ऑक्सिजन कमी पडला की तिथल्या वाहिन्या रुंदावतात. फुप्फुसाला मात्र स्वतःसाठी काही घ्यायचं नसतं, रिक्षा भरून पाठवायच्या असतात. कंट्रोल सिस्टिम्सच्या लेक्चरला मला हा फीडबॅक लूप कुणी शिकवला असता तर मी मागच्या बाकावर झोपले नसते.

हा लूप कोलमडला की काय होतं, ते मी एप्रिल २०२१ मध्ये घरी पाहिलं. दहावीची परीक्षा रद्द झाली होती, अख्खी सोसायटी चिडीचूप, आणि आजोबांच्या बोटाला ऑक्सिमीटर. आकडा ८९. आणि आजोबा आरामात पेपर वाचत मला विचारतायत, "चहा होणार आहे का आज?" बाबा आतल्या खोलीत बेडसाठी फोनवर फोन लावत होते. मला वाटलं यंत्रच बिघडलंय. स्वतःच्या बोटाला लावून पाहिलं : ९८.

तेव्हा न कळलेलं गणित आता कळतं. न्यूमोनियात काही वायुकोश पाण्याने भरतात किंवा मिटतात. तिथून जाणारं रक्त रिकामंच पुढे जातं. मग चांगल्या भागाने जास्त काम करून भरपाई का करू नये? कारण हिमोग्लोबिनला सीटा चारच. (शेअर रिक्षालाही चारच, ड्रायव्हरशेजारची धरून!) चांगल्या भागातलं रक्त आधीच ९८ टक्के भरलेलं असतं. धापा टाकून हवा दुप्पट घेतली तरी भरलेल्या रिक्षात पाचवा बसत नाही. आता तिसरा हिस्सा रक्त हवेला न भेटता, म्हणजे साधारण ७५ टक्क्यांवर, परत आलं असं धरा. दोन्ही मिसळून किती? ९० च्या जवळपास. करून बघा, कॅल्क्युलेटर लागत नाही.

कार्बन डायऑक्साइडचं तसं नाही. तो चांगल्या भागातून जास्तीचा बाहेर टाकता येतो. आणि दम लागल्याची जाणीव मुख्यतः त्याच्यामुळे होते. म्हणून आजोबांना चहा सुचत होता.

आमच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, "बेडची खटपट चालूच ठेवा, थांबू नका. पण तोवर त्यांना पालथं झोपवा." केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाचं तसं पत्रकही त्याच महिन्यात निघालं होतं. छातीखाली एक उशी, पोटाच्या खालच्या बाजूला एक, नडगीखाली एक. आजोबा कुरकुरले, "असा पेपर कसा वाचू?" अर्ध्या तासाने आकडा ९३. उशा लावण्यापलीकडे आम्ही काहीही केलं नव्हतं.

फुप्फुसाचा मोठा भाग पाठीकडे असतो. उताणं झोपलं की हृदय आणि पोट त्याच्यावर दाबतात, तिथले वायुकोश मिटतात, रक्त मात्र बरंचसं तिकडेच जात राहतं. पालथं झाल्यावर पाठीकडचे वायुकोश उघडतात आणि रक्त तरीही तिकडे जातच राहतं. रिक्षा होत्या तिथेच उभ्या, पॅसेंजर तिकडे आले. फ्रान्समध्ये गेरँ यांच्या गटाने २०१३ मध्ये व्हेंटिलेटरवरच्या अत्यवस्थ रुग्णांवर हे तपासलं होतं. रोज किमान १६ तास पालथं ठेवलेल्यांत २८ दिवसांतले मृत्यू १६ टक्के, उताण्या ठेवलेल्यांत जवळपास ३३. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही, नुसतं कूस बदलणं!

बेड दुसऱ्या दिवशी पहाटे मिळाला. तिथेही आजोबांना दिवसातून कितीतरी तास पालथं ठेवायचे. बारा दिवसांनी ते घरी आले, आणि आल्या आल्या बारा दिवसांचे पेपर मागितले. मी ते जपून ठेवले होते. शब्दकोडी मात्र सगळी सोडवून टाकली होती, त्यावरून ते अजून बोलतात.