हरणारे गुरुजी

काही वर्षांपूर्वी शिक्षकांसाठी असलेल्या शिष्यवृत्तीवर मी जपानला गेले होते. तेथे एका रविवारी केंडोचे शिबिर होते. मैत्रिणीने आग्रह केला म्हणून मीही गेले.

केंडो म्हणजे 'तलवारीचा मार्ग'. एरवी हा खेळ बांबूच्या तलवारीने खेळतात. त्या दिवशी मात्र लाकडी तलवारीने 'काता' शिकवणार होते. काता म्हणजे ठरलेल्या हालचालींचे धडे. केंडोचे हे दहा धडे १९१२ साली निश्चित झाले. पहिल्या सात धड्यांत दोघांच्याही हाती लांब तलवार असते. शेवटच्या तीन धड्यांत शिष्याच्या हाती आखूड तलवार असते.

माझ्यासमोर एक वृद्ध गुरुजी उभे राहिले. आम्ही परस्परांना वाकून अभिवादन केले. पहिल्या धड्यात दोघेही तलवार डोक्यावर उचलून तीन पावले पुढे येतात. गुरुजी वार करतात. शिष्याने मागे सरून तो चुकवायचा आणि लगेच त्यांच्या डोक्यावर वार करायचा. अर्थात, तलवार डोक्यापाशीच थांबवायची.

मी घाबरून फार लवकर मागे सरले. गुरुजी थांबले. "पुन्हा," ते शांतपणे म्हणाले. दहा-बारा वेळा असेच झाले. पण त्यांच्या कपाळावर आठी पडली नाही. अखेर मी धीर धरला. त्यांची तलवार हवेतून खाली गेली आणि माझी त्यांच्या डोक्यापाशी थांबली. गुरुजींनी समाधानाने मान डोलावली.

"प्रत्येक वेळी तेच का हरतात?" मी मैत्रिणीला विचारले.

ती म्हणाली, "दहाही धड्यांत गुरूच हरतो. त्याने खरा वार करायचा आणि शिष्याला जिंकू द्यायचे. त्याशिवाय शिष्य शिकणार कसा?"

मला माझ्या वर्गातील एक मुलगी आठवली. मराठी वाचताना ती 'ळ'पाशी अडखळे. 'कमळ'चे 'कमल' होई आणि वर्ग हसे. मग मीच तो शब्द उच्चारी आणि म्हणे, "बस खाली." पुढे पुढे तिने वाचायला उठणेच सोडले. मला वाटे, मी वेळ वाचवला. खरे तर दरवेळी मीच जिंकत होते.

दीड वर्षाने मी परतले. तोवर ती दहावी होऊन शाळेतून गेली होती.

आता वर्गात कोणी अडखळले, की मी पुस्तक मिटून थांबते. कोणी हसू लागले, तर त्याला गप्प करते आणि वाचणाऱ्याला हळूच म्हणते, "पुन्हा."