फ्रीलान्सरला आयटीवाला नसतो!

ऑफिसात लॅपटॉप रुसला की आयटीवाल्याला हाक मारायची. आम्ही फ्रीलान्सर्सनी कुणाला मारायची? माझा रुसला तो ऐन डेडलाइनला. दिवा लागतोय, पंखा घरघरतोय, स्क्रीन मात्र काळीठिक्कर. दुकानदार न उघडताच म्हणाला, 'मॅडम, मदरबोर्ड गेला.' म्हणजे माझं महिन्याचं मानधन गेलं! घरी येऊन चार्जर, माऊस, पेनड्राइव्ह सगळं काढलं आणि पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरलं. सर्किटमध्ये साठून राहिलेला चार्ज त्यानं निघून जातो. मग नुसता चार्जर लावला आणि... चालू! दरवेळी जमेलच असं नाही. पण मदरबोर्ड खरंच गेला आणि डिस्क सुटी निघत असेल, तर आतलं लिखाण बहुतेकदा वाचतं. तेव्हा खिशात हात घालण्याआधी अर्धा मिनिट बटण दाबून बघा, बॉस!