दूधबंदी

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशेच्या आणि हजारच्या नोटा बंद झाल्या आणि १० तारखेला बँक उघडली तेव्हा आमच्या शाखेत कॅश काउंटरवर मी बसलो होतो. त्या दिवशी माझ्यासमोर लागलेली रांग पाहिलेला माणूस पुढे आयुष्यात कुठल्याही बंदीला डगमगणार नाही, असा माझा आपला समज होता. गेल्या वर्षी आमच्या घरात दूधबंदी जाहीर झाली आणि त्या समजाची अब्रू गेली.

झालं असं की, आमची धाकटी बाळंतपणासाठी साताऱ्याला माहेरी आली. बाळंतपण म्हणजे मूल होणं, असा पुरुषांचा एक गैरसमज असतो. आमच्या आईच्या मते मूल होणं हा त्यातला किरकोळ भाग. मुख्य भाग म्हणजे बाळंतिणीला खाऊ घालणं. सातव्या महिन्यापासूनच घरात डिंक, अळीव, खारीक, खसखस, बाळंतशेपा अशी आवक सुरू झाली होती. शिवाय रतिबाचं दूध एक लिटरचं अडीच लिटर केलं. 'दूध यायचं तर दूध प्यायला हवं' हे तिचं अर्थशास्त्र. मी बी.कॉम. आहे, मलाही त्यात चूक काढता आली नाही.

पहिले पाच आठवडे सगळं सुरळीत गेलं. सहाव्या आठवड्यात भाचेबुवांच्या शीमध्ये रक्ताचे बारीक धागे दिसले. घरात एकदम शांतता पसरली. रिक्षात धाकटीने बाळाला असं घट्ट धरलं होतं की, मी चेष्टा करायला उघडलेलं तोंड तसंच मिटलं.

बालरोगतज्ज्ञ बाई वयाने लहान, पण फार शांत. त्यांनी बाळाला तपासलं, लंगोट पाहिला आणि म्हणाल्या, "घाबरू नका. गाईच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी दिसतेय. आई जे दूध पिते त्यातला अंश तिच्या अंगावरच्या दुधात उतरतो. बाळाचं पाजणं बंद करायचं नाही. आईचं दूध बंद करायचं."

"गाईचंच ना?" आईने सुटकेचा निःश्वास टाकला. "आमच्याकडे म्हशीचं येतं."

"म्हशीचंही नको."

"मग शेळीचं? अहो, गांधीजींनी..."

आईच्या माहेरी खादी होती. १९१८ च्या आजारपणात गांधीजींनी गाई-म्हशीच्या दुधाची शपथ न मोडता शेळीचं दूध कसं घेतलं, हे ती पाहुण्यांनाही सांगते. डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं. "आजी, गांधीजींना शपथ होती, ॲलर्जी नव्हती. शेळीच्या दुधातली प्रथिनं गाईच्या दुधासारखीच असतात. दही, ताक, पनीर, खवा, सगळं बंद. तूपसुद्धा तूर्त नको."

'तूप' म्हटल्यावर आई खुर्चीत मागे टेकली. "अहो, पण दूध प्यायलं नाही तर पोरीला दूध येणार कुठून?"

"गाय कुठे दूध पिते, आजी? ती गवतच खाते ना?"

यावर आई दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

खरी अडचण पुढे होती. डॉक्टरीणबाईंची यादी येण्याआधी घरात आईची यादी लागू होतीच. वांगं खाज आणतं, पावटा-वाटाणा वातूळ, हरभऱ्याची डाळ जड, केळं थंड, कोबी-फ्लॉवर तर नावच काढायचं नाही. मी रद्द झालेल्या पे-इन स्लिपच्या पाठीवर दोन्ही याद्या शेजारी शेजारी लिहिल्या. दही ही एकच वस्तू दोन्हीकडे आढळली. एरवी दोघींनी मिळून पृथ्वीवरचं बहुतेक सगळं अन्न बाद केलं होतं. शिल्लक राहिला वरणभात, तोही बिनतुपाचा, मेथीची भाजी आणि भाकरी.

त्यातून पाकिटातल्या खाण्याचा नवीन अभ्यास सुरू झाला. वीस वर्षं चेकवरच्या सह्या ताडून बघितलेले माझे डोळे आता बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं वाचू लागले. कशात मिल्क सॉलिड्स, कशात व्हे पावडर. टोस्ट, खारी, ब्रेड, कुठे कुठे म्हणून हे दूध शिरलं आहे, काय सांगू! दुकानदार एकदा म्हणाला, "साहेब, घ्यायचं असेल तर घ्या. इथे ऑडिट नको."

आठ-दहा दिवसांत बाळाचं रक्त थांबलं, पण धाकटी खाईनाशी झाली. प्रत्येक घास तिला संशयित वाटायचा. आपण काही खाल्लं आणि पुन्हा बाळाला त्रास झाला तर? या भीतीने ती दोन घासांवर उठायची. तिचा चेहरा उतरला, मग वजन उतरलं आणि एके दिवशी ती म्हणाली की, पूर्वीसारखं भरून येत नाही. आई लगेच म्हणाली, "वरचं सुरू करू." सौ. म्हणाली, "वरचं म्हणजे तरी काय, वहिनी? डब्यातली पावडरही गाईच्याच दुधाची!" (आमच्या घरी नणंदही भावजयीला वहिनी म्हणते आणि भावजय नणंदेलाही. का ते विचारू नका.)

पुन्हा डॉक्टरीणबाई. या वेळी त्यांनी जे सांगितलं ते ऐकून माझी पदवी सार्थकी लागली. म्हणाल्या, "साधा मागणी-पुरवठ्याचा नियम आहे. बाळ जितकं ओढेल तितकं दूध तयार होतं. वरची बाटली दिली की, बाळ कमी ओढणार आणि दूध आणखी कमी होणार. मागेल तेव्हा घ्यायचं, रात्रीसुद्धा." मी बावीस वर्षं बँकेत आहे. पैसे काढले की शिल्लक कमी होते, एवढंच मला ठाऊक. जितकं काढाल तितकी शिल्लक वाढत जाणारं खातं जगात असतं आणि ते आमच्याच घरात चालू आहे, हे मला तेव्हा कळलं. असं खातं आम्ही काढलं असतं तर रांग पार पोवई नाक्यापर्यंत गेली असती.

"आणि खायचं," त्या धाकटीला म्हणाल्या, "नेहमीपेक्षा दिवसाला सहाशे उष्मांक जास्त. दूध सोडून सगळं. वांगंसुद्धा." आईने भिंतीकडे पाहिलं.

त्याच रात्री दोन-अडीचला मी पाणी प्यायला उठलो, तर स्वयंपाकघरात अंधारातच धाकटी ओट्याला टेकून उभी. रडत होती. लहानपणी रिझल्टच्या आदल्या दिवशी रडायची तशी, आवाज न करता.

"दादा, आटलंय रे. ते रडतं आणि माझ्याकडे काही नाही."

अशा वेळी काय बोलायचं असतं ते मला येत नाही. काउंटरवर येतं, घरात येत नाही. मी आपला आत गेलो आणि माझी वही घेऊन आलो. डॉक्टरीणबाईंनी पहिल्या भेटीत जाता जाता सांगितलं होतं, चोवीस तासांत सहा किंवा जास्त लंगोट ओले होत असतील आणि वजन वाढत असेल तर दूध पुरतंय असं समजा. भरून येतं की नाही यावर जाऊ नका. आता सांगा, कारकुनाला आकडा दिला तर तो काय करणार? मी त्या दिवसापासून नोंद ठेवत होतो. तारीख, वेळ, ओला की शी, शेरा. सौ. मला हसायची.

"हे बघ. सोमवार आठ. मंगळवार नऊ. काल सात, आज रात्री बारापर्यंत आठ. वजन पंधरा दिवसांत चारशे ग्रॅम वर. आत काही गेलंच नसतं तर बाहेर कुठून आलं असतं? जमेशिवाय खर्च पडत नाही, बाई."

तिने डोळे पुसले आणि वही स्वतः पानं उलटून पाहिली. मग म्हणाली, "गुरुवारी दुपारची नोंद नाही."

"गुरुवारी दुपारी मी बँकेत होतो."

ती हसली. मग म्हणाली, "भूक लागलीय." आई दारात कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे. तिने मुकाट्याने गॅस पेटवला.

दुसऱ्या दिवसापासून आईने मोर्चा बदलला. अळीवाचे लाडू नारळ-गुळाचेच असतात, त्यांना दूध-तूप लागतच नाही, हे तिला स्वतःलाच नव्याने आठवलं. खीर नारळाच्या दुधात होऊ लागली. "दूध ते दूधच," आई म्हणायची. नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, मटकीची उसळ, शेंगदाण्याचं कूट घातलेलं भरलं वांगंही. डिंक तिने तेलात तळला. तळताना देवाची क्षमा मागितलेली मी ऐकली. डॉक्टरीणबाईंनी कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या आई प्रसादासारख्या हातावर ठेवायची.

अळीवाने दूध वाढतं का, हे मी बाईंना विचारलं होतं. "पोटभर खाणं आणि बाळाचं ओढणं महत्त्वाचं," त्या म्हणाल्या, "पण लाडू बंद करू नका. आजी खूश राहतात."

आता राहिला पेढ्यांचा प्रश्न. गाव सातारा, त्यातून मुलगा. बघायला येणारा प्रत्येक जण कंदी पेढ्यांचा बॉक्स घेऊनच यायचा. बाळंतिणीला चालत नाहीत, आईला साखर आहे, सौ. वजनाला जपते. घरात वाया जाऊ देणं मला पटत नाही. तीन महिन्यांत बाळाचं वजन दोन किलोंनी वाढलं आणि माझं साडेचार. माझ्या वजनाची नोंद वहीत नाही.

महिनाभराने डॉक्टरांच्या सांगण्यावरून धाकटीने पुन्हा थोडं दूध घेऊन पाहिलं. दोन दिवसांत धागे परत दिसले. बंदी कायम झाली. पण आता कुणी रडलं नाही. दुधाचा पुरवठा चोख चालू होता.

गेल्या महिन्यात भाचेबुवा वर्षाचे झाले. डॉक्टरांच्या सल्ल्याने आधी दूध घातलेलं बिस्कीट, मग हळूहळू बाकीचं, असं करत आम्ही सगळे लंगोटाकडे ऑडिटरकडे बघावं तसे बघत बसलो. काही निघालं नाही. बंदी उठली. आईने त्या संध्याकाळी म्हशीच्या दुधाचा, साय वर तरंगणारा चहा केला आणि कप दोन्ही हातांनी धाकटीपुढे धरला.

तिने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "ई! किती घट्ट गं. मला आपला कोराच कर."

आईने एक शब्द न बोलता कप माझ्याकडे सरकवला.