टळलेली बीज

समुद्रावर पर्यटन करून आलेल्या मनुष्यास भेटणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो : "काय, मजा आली ना?" या प्रश्नास होकार देणे हा शिष्टाचार आहे, आणि मीही तो गेले काही महिने इमानेइतबारे पाळीत आलो आहे. परंतु खरे सांगावयाचे तर त्या चार दिवसांतले मला फारच थोडे आठवते. आठवते ती परत येतानाची हकीकत.

प्रवासवर्णन लिहिणाऱ्यांनी परतीच्या वाटेवर मोठा अन्याय केला आहे. जातानाच्या वर्णनाला पानेच्या पाने खर्ची पडतात, आणि येताना "यथावकाश घरी सुखरूप पोहोचलो" या एका वाक्यात सारे आटोपते. हौसेच्या समुद्रपर्यटनावरचे जे पहिले नामांकित इंग्रजी पुस्तक, त्याचीही हीच कथा आहे. १८४४ साली पी. अँड ओ. कंपनीने कादंबरीकार थॅकरे याला भूमध्य समुद्राची सफर फुकट घडविली आणि त्याने तिच्यावर पुस्तक लिहिले. पण त्या पुस्तकाच्या नावातच प्रवास कैरोला संपतो. मग तो गृहस्थ घरी कसा आला, हे पुसण्याची वाचकालाही आठवण राहत नाही. माझ्या बाबतीत 'यथावकाश' या शब्दाचा अर्थ चोवीस तास असा झाला. ते चोवीस तास एरवी कोणत्याही दिवशी मी हसत सोसले असते. तो दिवस मात्र भाऊबिजेचा होता.

माझे गाव रोहिणखेड. बुलढाणा जिल्ह्यात, मोताळा तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी ते वसलेले आहे. मुंबईत प्राध्यापकी करू लागल्याला मला तीस वर्षे होत आली. आईवडील गेल्यानंतर गावच्या जुन्या घरात माझी थोरली बहीण एकटी राहत असे. आम्ही भावंडे तिला जिजी म्हणतो. वैधव्य आल्यावर ती माहेरी परतली आणि त्या घराचा दिवा तिने विझू दिला नाही. गेल्या दिवाळीच्या आधी तिचा फोन आला. गुडघे आता साथ देत नाहीत, तेव्हा बीज झाली की ती अकोल्याला मुलीकडे कायमची राहावयास जाणार होती. बाकी काही ती बोलली नाही. फक्त शेवटी म्हणाली, "या खेपेला ये रे बापू. या घरातली ही अखेरचीच."

याआधीच्या सलग सहा भाऊबिजा मी चुकविल्या होत्या. २०२० साली महामारीने सर्वांचेच पाय बांधले होते, ते एक वर्ष सोडून देऊ. उरलेल्या पाचांची कारणे त्या त्या वेळी मला अत्यंत सबळ वाटली होती. आज आठवू जाता दोनच आठवतात, आणि ती दोन्ही लिहावयाची मला लाज वाटते. भाऊ आला नाही तर बहिणीने चंद्राला ओवाळावे, अशी आपल्याकडे सोय आहे. सहा वर्षे जिजीने त्या सोयीचा लाभ घेतला, आणि मीही घेतला असेच म्हटले पाहिजे.

या खेपेस मी जाणारच होतो. परंतु त्याच सुटीत मुलाने आम्हा उभयतांसाठी आगबोटीची तिकिटे काढून ठेविली होती : मुंबईहून लक्षद्वीप आणि परत. मी पंचांग व वेळापत्रक शेजारी ठेवून हिशेब केला. पाडव्याच्या दिवशी सकाळी सहाला बोट बॅलार्ड पिअरला लागावयाची, रात्रीची गाडी, बिजेला उजाडता मलकापूर, आणि दोन घटकांत जिजीच्या पाटावर. गणिताच्या प्राध्यापकासही दोष काढता आला नसता, इतका तो हिशेब चोख होता. त्यात समुद्र तेवढा धरावयाचा राहिला होता.

बोटीवरील सुखांविषयी मी दोनच वाक्ये लिहितो. तेथे दिवसातून जितक्या वेळा खावयास मिळते तितक्या वेळा मनुष्याला भूक लागत नाही, आणि जितके संगीत ऐकू येते तितके ऐकण्याची शक्ती पन्नाशीनंतर उरत नाही. लक्षद्वीपला मोठी जहाजे धक्क्याला लागत नाहीत. बेटाभोवती प्रवाळाचे कडे असते. त्याच्याबाहेर जहाज उभे राहते आणि होड्यांतून उतारूंना किनाऱ्यावर नेतात. आम्ही पोहोचलो त्या दिवशी समुद्र खवळलेला होता. होड्या सोडणे धोक्याचे, म्हणून आम्ही दिवसभर त्या हिरव्या रेषेकडे कठड्यावरून पाहत राहिलो, आणि परतताना जहाजाने वेग कमी केला. पाडव्याच्या सकाळी सहाला मुंबईचा मागमूसही नव्हता.

येथे बोटीच्या एका रिवाजाची ओळख करून दिली पाहिजे. उतरण्याच्या आदल्या रात्री उतारूंनी आपल्या पेट्या खोलीच्या दाराबाहेर ठेवावयाच्या असतात. नोकर त्या रातोरात गोळा करून तळघरात रचून ठेवतात. आम्ही आज्ञाधारकपणे पेट्या दिल्या होत्या. त्यात टॉवेल, साबण, धुतलेले कपडे, एकूण एक गेले. जिजीसाठी घेतलेले इरकली लुगडेही गेले. परिणामी पाडव्याचा सबंध दिवस शेकडो प्रतिष्ठित माणसे आदल्या रात्रीच्या मेजवानीच्या चुरगळलेल्या पोशाखात डेकवर हिंडत होती. शीलाच्या आधी परीटघडीच ढळते, हे मला त्या दिवशी कळले.

दुपारी मुंबई दिसू लागली आणि जहाज थांबले. बंदरात शिरावयास बंदराचा वाटाड्या, ज्याला पायलट म्हणतात, तो यावा लागतो, आणि धक्क्यावर जागा मोकळी असावी लागते. आमची ठरलेली वेळ टळली होती. आता इतरांच्या मागे उभे राहणे आले. समोर कुलाब्याचे दिवे लागले. मी कठड्याशी येरझारा घालीत असताना आमच्या खोलीची व्यवस्था पाहणारा गोव्याचा मनुष्य तेथे आला. मी त्याच्यापाशी कुरकुर केली. तो शांतपणे म्हणाला, "सर, एप्रिल २०२० मध्ये आम्ही येथेच उभे होतो. दुसऱ्या बोटीवर होतो तेव्हा मी. टाळेबंदीमुळे उतरू देत नव्हते. समोर मुंबई, फोनवर बायको, आणि मध्ये दिवसामागून दिवस." त्या वसंतात कित्येक गोमंतकीय खलाशी असे आपल्याच किनाऱ्याच्या दृष्टिपथात अडकून पडले होते, हे मी वर्तमानपत्रात वाचले होते, वाचून पान उलटले होते. मी त्याला विचारले, घरी पोहोचल्यावर पहिल्याने काय केलेत? तो हसला. म्हणाला, "घरी कुठला? आधी पुन्हा चौदा दिवस वेगळे राहिलो."

रात्री नऊला धक्का लागला, अकराला पेट्या मिळाल्या. मलकापूरची गाडी तोवर कसारा गाठीत असावी. सौभाग्यवतींचे बंधू दादरला राहतात, त्यामुळे तिची बीज सुरक्षित होती. आम्ही रात्री मुंबईच्या बिऱ्हाडी गेलो आणि ती म्हणाली, "आलो बाई एकदाचे घरी!" मी काही बोललो नाही. मी अजून वाटेतच होतो.

बिजेच्या सकाळी जी गाडी मिळाली तिच्यात बसावयास जागा नव्हती. दिवाळीत सारी मुंबई आपापल्या बहिणींकडे निघालेली असते. माझ्या मांडीवर एका अनोळखी भाचीचा करंजीचा डबा होता. संध्याकाळी चारला मलकापूर यावयाचे. कसाऱ्याला गाडी थांबली. थळ घाटाचा चढ सदतिसास एक असा आहे. तेथे गाडीला मागून रेटावयास जादा इंजिने जोडतात. इंजिने जोडली गेली, पण गाडी हलेना. पुढे काहीतरी अडले होते. काय ते कोणी सांगेना, आणि प्रत्येक डब्यात त्याची निराळी आवृत्ती निघत होती. तीन तासांनी आम्ही घाट चढलो. त्यानंतर नाशिक सोडल्यावर प्रत्येक लहान स्टेशनावर मागल्या गाड्यांना वाट देत आमची गाडी उभी राहू लागली. उशीर झालेल्या गाडीला कोणीच मान देत नाही.

निफाडच्या पुढे अशाच एका स्टेशनावर सूर्य मावळला. मी खाली उतरलो. फलाटावर कांद्याचा उग्र वास भरून राहिला होता. आम्ही ज्या दिशेने आलो त्या पश्चिमेकडे, सह्याद्रीच्या काळ्या रेषेवर, द्वितीयेची कोर दिसत होती. ती फार वेळ टिकत नाही. सूर्यामागोमाग घटका-दोन घटकांत तीही बुडते. ओवाळणाऱ्या बहिणीला घाई करावी लागते. रोहिणखेडला आमच्या अंगणातून पश्चिमेला दोन घरांच्या मधून हा चंद्र दिसतो, ती फट मला पाठ आहे. या क्षणी तेथे निरांजन वर गेले असेल, हे मला प्रत्यक्ष पाहिल्यासारखे कळले. मी त्या कोरीकडे पाहत उभा राहिलो, आणि आयुष्यात प्रथमच मला त्या चंद्राचा मत्सर वाटला.

गाडी हलली. अंधारात करण्यासारखे काही नसले की मनुष्य इतिहास आठवतो. आमचे गाव लहान, पण बालाघाटावर चढणाऱ्या वाटेच्या तोंडाशी असल्यामुळे तेथे दोन मोठ्या लढाया झाल्या. पहिली १४३७ मध्ये, बहामनी सैन्य आणि खानदेशाचा नसीरखान यांच्यात. तिचेही मूळ, म्हणतात, सासरी मन दुखावलेल्या एका मुलीच्या तक्रारीत होते. नसीरखान तिचा बाप. दुसरी सोळाव्या शतकाच्या अखेरीस. तिचा नायक बुऱ्हाण निजामशहा म्हणजे उशिरा घरी परतणाऱ्यांचा मुकुटमणी. भावाविरुद्ध बंड फसले तेव्हा तो अकबराच्या आश्रयाला गेला. वर्षे लोटली. १५८९ मध्ये अहमदनगरच्या सरदारांतील जमालखान महदवी याने बुऱ्हाणच्याच अल्पवयी मुलाला, इस्माईलला, गादीवर बसविले. बुऱ्हाण परत निघाला तेव्हा त्याच्या वाटेत जे सैन्य उभे राहिले ते त्याच्या पोटच्या पोराच्या नावाने लढत होते. खानदेशच्या राजा अलीखानाच्या मदतीने त्याने १५९१ मध्ये रोहिणखेडपाशी ते मोडले. जमालखान पडला, आणि बुऱ्हाण अहमदनगरला पोहोचला. चार वर्षांनी, १५९५ मध्ये, तो वारला. जमालखानाच्याच पंथाच्या खुदावंतखानाने १५८२ साली बांधलेली मशीद आमच्या गावात आहे. तिच्या सावलीत आम्ही मुलांनी सुटीतल्या दुपारी घालविल्या, आणि या कहाणीतील एक अक्षरही तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हते. बुऱ्हाण घरी आला तेव्हा त्याला ओळखणारे कोण उरले होते, याचा विचार मी मनमाडपासून भुसावळपर्यंत करीत होतो.

मलकापूर रात्री एकला आले. एक जीपवाला कसाबसा तयार झाला. मोताळ्याच्या अलीकडे चाक पंक्चर झाले; जादा चाक काढले तर तेही बसलेले. जीपवाल्याने निर्विकारपणे बिडी शिलगावली आणि सांगितले, "पाहाटी दुधाची गाडी येते, सायेब." आता माझ्यात घाई उरलेलीच नव्हती. जी वेळ गाठावयाची ती कधीच मावळली होती. दोन्ही बाजूंना कापसाची शेते होती, आणि फुटलेली बोंडे चांदण्यावाचूनही अंधारात पांढरी दिसत होती. पहाटे दुधाच्या गाडीत, कॅनांच्या मधोमध लुगड्याची पेटी उराशी धरून, मी रोहिणखेडात शिरलो.

जिजी अंगणात सडा घालीत होती. ओसरीवर पाट मांडलेला होता. त्याच्याभोवतीची रांगोळी कालची, एका बाजूला मांजराने विसकटलेली. तिने मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिले.

"जिजी, बोट..." मी सुरुवात केली.

"राहू दे. चंद्राले ओवाळलं म्या. त्याले सवय झाली आता."

मी लुगडे तिच्या हाती दिले. तिने पदराने हात पुसून ते उलगडले, काठ पाहिला, पुन्हा घडी घातली. मी म्हणालो, आता ओवाळ. ती म्हणाली, बीज काल होती; आज कशी ओवाळू? तिच्या आवाजात राग नव्हता. पंचांग वाचून दाखवावे तसे ती बोलली. राग असता तर मला उत्तर देता आले असते. मग तिने नाक किंचित आक्रसले.

"आंघोळ कवा केली होती रे?"

मी हिशेब केला. पेट्या दिल्या त्याच्या आदल्या सकाळी.

"एवढा समुद्र पाहून आला, अन् बिनआंघोळीचा?" ती पहिल्यांदाच हसली. "जाय. बंब पेटवलेलाच आहे. कालचं उटणंही उरलंय."

मी न्हाणीघरात गेलो. लहानपणी ज्या दगडावर बसत असे त्यावर बसलो. तिने बाहेरून वाटीत उटणे सरकविले. पाठीला लावावयास ती आत आली नाही, पूर्वी येत असे. मी कपडे करून बाहेर आलो तेव्हा अकोल्याहून भाचीचा टेम्पो दारात उभा होता. गाद्या आणि भांडी चढली. ओसरीवरचा पाट मीच उचलला. खाली रांगोळीचा कोरा चौकोन राहिला. सर्वांत शेवटी जिजीने बंबातले उरलेले पाणी तुळशीच्या आळ्यात ओतले, राख काढली, आणि तो टेम्पोत ठेवावयास माझ्या हाती दिला. तांबे अजून गरम होते.